दगडफूल धुऊन मोजायचं की तसंच?

एप्रिल संपत आला की आमच्याकडे वर्षाची चटणी होते. साताऱ्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाचा तिखट मसाला, हे बाहेरच्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. गच्चीवर मिरच्या वाळत असतात, खोबरं-तीळ भाजून झालेले असतात आणि आत्या सूप मांडीवर घेऊन बाकीचे जिन्नस निवडत असते. गेल्या वर्षी ती दगडफूल निवडत होती. एकेक पापुद्रा उलटा करायचा, खाली चिकटलेली झाडाची साल नखाने उडवायची, फुंकर मारायची. मध्येच मला म्हणाली, "आगं, तू रसायनातली न्हवं? मग सांग, ह्ये धुवून घ्यायचं का तसंच भाजायचं? माती लई असती ह्याला."

मला चटकन उत्तर देता आलं नाही. तिला वाटलं, माझं लक्ष नाही. पण खरी अडचण वेगळी होती. रानातल्या दगडफुलात कोणती खनिजं आणि कोणते धातू किती आहेत हे मोजणारे लोक गेली कित्येक दशकं याच प्रश्नावर भांडताहेत: नमुना धुवायचा की तसाच घ्यायचा?

आधी दगडफुलाची ओळख. ते फूल नाही, आणि बाजारात येणारं बहुतेक दगडावरचंही नसतं, झाडाच्या सालीवरचं असतं. मराठीत याला शैवाक म्हणतात. शैवल आणि कवक हे दोन्ही त्या एका शब्दात बसले आहेत, आणि निसर्गातही ते तसेच एकत्र राहतात. आपल्याकडच्या अर्धलीच्या शेतीसारखा हा व्यवहार आहे. जागा, आडोसा आणि ओलावा कवकाचा. उन्हात अन्न शिजवायचं काम शैवलाचं. पिकाचा मोठा वाटा मात्र जागामालक घेऊन जातो. स्वित्झर्लंडच्या सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ साली ही भागीदारी मांडली तेव्हा शैवाकांचे नामवंत अभ्यासक चिडले होते. ज्याला आपण आयुष्यभर एक जीव समजलो ते दोघांचं बिऱ्हाड आहे हे कुणाला आवडेल? पुढे २०१६ साली काही शैवाकांच्या वरच्या थरात यीस्टही सापडलं, म्हणजे त्या घरात तिसराही राहतोय. जगात शैवाकांच्या २०,०००च्या आसपास जाती नोंदल्या आहेत. मसाल्यातलं दगडफूल हे प्रामुख्याने पार्मोट्रेमा या गटातलं, तरी व्यापाऱ्याच्या पोत्यात तीन-चार जाती सहज मिसळलेल्या असतात.

मोजणाऱ्याला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. शैवाकाला मुळं नसतात. पानावर असतं तसं मेणाचं आवरणही नसतं. जांभळाचं झाड जमिनीतून काय उचलायचं आणि काय नाही हे मुळाशी थोडंफार निवडतं, नको ते जुन्या पानांत भरून पानं गाळून टाकतं. शैवाकाला ही चैन नाही. पाऊस, धुकं आणि वाऱ्याबरोबर आलेली धूळ एवढीच त्याची शिदोरी. येईल ते अंगावर घ्यायचं आणि वर्षानुवर्षं तिथंच बसून राहायचं. वाढही अशी की पसरणाऱ्या पापुद्र्याची कड वर्षाला काही मिलिमीटर पुढे सरकते. तळहाताएवढं दगडफूल कित्येक वर्षांचं असतं आणि त्या काळात त्या जागी हवेतून काय काय उतरलं याचा जमाखर्च त्याच्याकडे असतो.

हवा बिघडली की शैवाकं नाहीशी होतात हे तर फार पूर्वी लक्षात आलं. विल्हेल्म न्यूलांदर या अभ्यासकाने १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांबद्दल लिहिताना हवेच्या शुद्धतेशी त्यांचा संबंध जोडला होता. पण त्यांच्या अंगात साठतं किती, हे जगाला खऱ्या अर्थाने कळलं ते चेर्नोबिलनंतर. एप्रिल १९८६मध्ये अणुभट्टी फुटली, सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य वाऱ्याबरोबर स्कँडिनेव्हियावर गेलं आणि पावसाबरोबर खाली उतरलं. तिथले रेनडिअर हिवाळ्यात शैवाकं खाऊन जगतात, आणि सामी लोक रेनडिअरवर. शैवाकातलं सीझियम मांसात आलं. नॉर्वेला त्याच वर्षी रेनडिअरच्या मांसासाठी किलोमागे ६,००० बेकरेल (बेकरेल हे किरणोत्साराचं माप) अशी वेगळी, बरीच सैल मर्यादा ठरवावी लागली, कारण कडक मर्यादेत सामी लोकांचा धंदाच बसला असता.

आता धुण्याचा प्रश्न. तो समजायचा तर शैवाकात धातू कुठे कुठे बसलेले असतात ते पाहावं लागतं. जुन्या वाड्याचं उदाहरण घेऊ. अंगणात धूळ पडलेली असते. ओसरीच्या भिंतीला खुंट्या असतात, त्यांवर येणारा-जाणारा पागोटं, छत्री, पिशवी अडकवतो. आणि आत माजघरात कणगी असते, तिच्यात घरच्यांचं धान्य.

शैवाकाचं अंगण म्हणजे त्याचा खडबडीत पृष्ठभाग आणि आतली सैल जाळी. तिथं मातीचे कण अडकतात. लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम यांचा बहुतेक भरणा या धुळीचाच. खुंट्या म्हणजे कवकाच्या पेशीभित्तीवरच्या ऋणभारित जागा. पाण्यातून आलेला धनभारित धातू तिथं टांगला जातो. या खुंट्या सगळ्यांना सारख्याच मिळत नाहीत. शिसं किंवा तांबं आलं की आधी टांगलेलं कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम खाली पडतं. दांडगा पाहुणा आला की गरीब पाहुण्याची छत्री कोपऱ्यात जाते, तसंच. आणि कणगीतलं धान्य म्हणजे पेशीच्या आतलं पोटॅशियम, मॅग्नेशियम, थोडं जस्त, थोडं तांबं. जगायला लागतं ते.

याशिवाय अडगळीची खोलीही आहे. बऱ्याच शैवाकांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साठतात. कच्च्या अळूने घसा खवखवतो तो याच संयुगाच्या सुयांमुळे. म्हणून एका शैवाकात कॅल्शियम हजारात एखादा भाग, तर दुसऱ्यात शेकड्याला काही भाग, असा प्रचंड फरक दिसतो. त्याचा पोषणाशी किंवा प्रदूषणाशी संबंध असेलच असं नाही. ती जातच साठवणारी असते.

मग धुतल्यावर काय होतं? अंगण झाडलं जातं, हे खरं. पण वाळलेलं शैवाक एकदम पाण्यात घातलं की पहिल्या काही क्षणांत पेशींची पटलं नीट सावरलेली नसतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणजे अंगण झाडता झाडता कणगी फुटली. जास्त वेळ धुतलं तर खुंट्यांवरचंही काही जातं. न धुता घेतलं, तर तुम्ही शैवाक मोजलं की रस्त्याची माती, हे तुमचं तुम्हालाच कळत नाही. काहीजण ऊर्ध्वपातित पाण्यात चार-पाच सेकंद बुडवून काढतात. काहीजण भिंगाखाली चिमट्याने कचरा वेचतात आणि पाणी लावतच नाहीत. तिसरा, जास्त खटाटोपाचा रस्ता असा: नमुना निकेल क्लोराइडच्या द्रावणात हलवायचा. निकेल खुंट्यांवर चढतं आणि टांगलेले बाकीचे धातू द्रावणात उतरतात. ते वेगळे मोजायचे, मग पेशी फोडून आतले वेगळे मोजायचे, शेवटी उरलेला गाळ वेगळा. एकाच नमुन्याचे तीन हिशेब. अर्थात त्यात निकेलचा आकडा हातचा जातो, तो मोजायचा तर दुसरं क्षार वापरावं लागतं.

माझं मत विचाराल तर धुवा किंवा न धुवा, पण सगळ्या नमुन्यांना एकच वागणूक द्या आणि काय केलं ते लिहून ठेवा. धुतलेल्याची तुलना न धुतलेल्याशी करून काढलेले निष्कर्ष मी पाहिले आहेत. ते वाचताना मला आत्याचं सूप आठवतं.

नमुना कुठून घ्यायचा याला साताऱ्यासारखा जिल्हा नाही. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर, पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला माण तालुका, तिथं पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. मधलं अंतर एका दिवसात जाऊन येण्याएवढं. महाबळेश्वरच्या जांभूळ-अंजन-पिशाच्या बुटक्या जंगलात फांद्यांवरून राखाडी-हिरव्या दाढ्या लोंबतात, ते उस्निया. खोडांवर पानासारखी पसरलेली ती पार्मोट्रेमा आणि तिचे भाऊबंद. आणि माणच्या उघड्या माळावर दगडावर चुन्याचे किंवा हळदीचे डाग पडल्यासारखी दिसतात तीही शैवाकंच, कवचासारखी चिकटलेली. मोजमापाला ही तिसरी जात जवळपास निरुपयोगी, कारण ती खरवडताना दगडच निघून येतो आणि मग यंत्र सह्याद्री मोजतं.

एक सांगून ठेवते. महाबळेश्वर, कास हा सगळा राखीव जंगलाचा आणि संरक्षित भाग आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथलं एक पानही उचलायचं नाही. आणि परवानगी असली तरी मूठभरच घ्यायचं. दहा वर्षांत वाढलेलं दहा सेकंदांत निघतं.

घेतानाही पथ्यं आहेत. सगळीकडे एकच जात. शक्यतो एकाच प्रकारचं झाड, कारण सालीचा आंबटपणा झाडागणिक बदलतो आणि खोडावरून ओघळणारं पाणी सालीतले क्षार घेऊन येतं. जमिनीपासून कमरेच्या वरची उंची, म्हणजे पावसाच्या थेंबांनी उडालेला चिखल नको. पापुद्र्याची फक्त बाहेरची कड घेतली तर गेल्या दोन-चार वर्षांचा हिशेब मिळतो, मधला भाग घेतला तर जुना. आणि हंगाम! मे महिन्यात कासच्या रस्त्याकडेची झाडं लाल धुळीने माखलेली असतात. तीच ऑक्टोबरमध्ये न्हाऊन-माखून उभी असतात. मे महिन्यातला आकडा आणि ऑक्टोबरमधला आकडा शेजारी ठेवून "प्रदूषण घटलं" म्हणायचं असेल तर श्रेय पावसाला द्या.

स्टीलची सुरी चालत नाही. तिच्यातून क्रोमियम आणि निकेल येतं, आणि आपण मोजतोय ते किलोमागे मिलीग्रॅमच्या भाषेत. हे माप किती बारीक? गच्चीवरची हजार लिटरची टाकी पाण्याने भरा आणि त्यात एक ग्रॅम मीठ टाका. ते झालं किलोमागे एक मिलीग्रॅम, म्हणजे दहा लाखांत एक भाग. कॅडमियमसारख्या धातूसाठी आपण त्याच्याही खूप खाली उतरतो. तेव्हा प्लॅस्टिकचा किंवा सिरॅमिकचा चिमटा, कागदी पाकीट, आणि दळायला अकीकाचा खल. आमची चटणी लोखंडी डंकावर कुटली जाते, तिच्यात डंकाचं लोह चिमूटभर येतच असणार, आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. प्रयोगशाळेत मात्र तेवढ्याने दिवस वाया जातो. वाळवणंही बेताने, साधारण ४० अंशांच्या आसपास. पारा मोजायचा असेल तर जास्त उष्णतेने तो उडून जाण्याची भीती असते.

पुढचं काम म्हणजे हा चुरा विरघळवणं. पाव ते अर्धा ग्रॅम घ्यायचा, टेफ्लॉनच्या जाड भांड्यात तीव्र नायट्रिक आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं, झाकण घट्ट लावायचं आणि खास मायक्रोवेव्हमध्ये १८० ते २०० अंशांपर्यंत तापवायचं. प्रेशर कुकरचंच तत्त्व. दाबाखाली आम्ल उकळून उडत नाही आणि सेंद्रिय भाग जळून जातो. गार झाल्यावर भांड्यात फिकट पिवळं, स्वच्छ पाणी दिसतं. तळाशी मात्र थोडी पांढरी रेती उरते. ती सिलिका. नायट्रिक आम्लाला ती दाद देत नाही. तिच्यात अडकलेलं ॲल्युमिनियम, टायटॅनियम मोजणीत येत नाही, आणि तरी पुष्कळ अहवालांत "एकूण" असं लिहिलेलं असतं. रेती विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं. ते हाडापर्यंत जाणारं, धसकाच घ्यावा असं आम्ल आहे. गरजेशिवाय त्याच्या वाटेला कुणी जात नाही.

मग यंत्र. ज्योतीत मीठ टाकलं की पिवळा रंग येतो, दिवाळीच्या फटाक्यात स्ट्रॉन्शियममुळे लाल आणि बेरियममुळे हिरवा. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश ठरलेला. ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन हे यंत्र त्याची उलटी बाजू वापरतं: ज्या मूलद्रव्याचा शोध घ्यायचा त्याच्याच दिव्याचा प्रकाश ज्योतीतून सोडायचा आणि किती गिळला गेला ते पाहायचं. ॲलन वॉल्श यांनी १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियात हे तंत्र बसवलं. स्वस्त आणि भरवशाचं, पण एका वेळी एकच मूलद्रव्य. दुसरं, आज जास्त चालणारं, आयसीपी-एमएस. यात द्रावणाचा फवारा आर्गॉन वायूच्या काही हजार अंश तापलेल्या प्लाझ्मात सोडतात. तिथं सगळं फुटून भारित अणू होतात आणि त्यांना वजनावर वेगळं केलं जातं. दोन-तीन मिनिटांत चाळीसेक मूलद्रव्यं.

वजनावर माणूस ओळखायचा म्हटलं की तोतया आलाच. आर्सेनिकचा अणू ७५ वजनाचा. आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ एकमेकांना चिकटले की तेही ७५. म्हणजे नमुन्यात क्लोराइड जास्त असेल किंवा कुणी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं असेल, तर शैवाकात नसलेलं आर्सेनिक यंत्राला दिसतं. तसंच आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून ५६ होतात, आणि लोहही ५६. आधुनिक यंत्रांत वाटेत हीलियमचा कक्ष असतो. जोडीने आलेले तोतये अंगाने मोठे, त्यांच्या हीलियमशी टकरा जास्त होतात, ते रेंगाळतात आणि गळतात. खरा एकटा अणू पुढे निघून जातो.

इथं माझी स्वतःची फजिती सांगते. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा बारा भांडी लावली होती. अकरांत शैवाक, बारावं कोरं, म्हणजे फक्त आम्ल. कोरं भांडं हा पंच असतो. त्यात काही निघालं तर ते शैवाकातलं नाही, आपल्या हातातलं, भांड्यातलं किंवा हवेतलं. माझ्या कोऱ्या भांड्यात जस्त निघालं आणि तेही नमुन्यांच्या जवळपास निम्मं. दोन दिवस आम्ल बदल, पाणी बदल, भांडी पुन्हा धू. शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने माझ्या हातांकडे बोट दाखवलं. रबरी हातमोजे. रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड वापरतात. मोजे बदलले, जस्त गेलं. कोऱ्या भांड्याची नोंद नसलेला अहवाल मी तेव्हापासून वाचत नाही.

दुसरा पंच म्हणजे प्रमाणित नमुना. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आयएईए-३३६ नावाची शैवाकाची पूड तयार केली आहे, पोर्तुगालमधून गोळा केलेल्या एव्हर्निया प्रुनास्ट्री या जातीची. अनेक प्रयोगशाळांनी मोजून तिचे आकडे पक्के केलेत. जस्ताचा किलोमागे ३०.४ मिलीग्रॅम. आपल्या नमुन्यांबरोबर ही पूडही शिजवायची. आपल्याला तीसच्या आसपास मिळालं तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. वीस मिळालं तर कुठेतरी सांडलंय.

आकडा मिळाला. आता त्याचा अर्थ, आणि इथं आपल्या मातीची खोड लक्षात घ्यावी लागते.

धुळीचा वाटा वजा करायचा एक जुना हिशेब आहे. ॲल्युमिनियम मुख्यतः मातीतूनच येतं असं धरायचं. शैवाकात ॲल्युमिनियम किती आणि मातीत किती यावरून शैवाकात माती किती ते काढायचं. मग तेवढ्या मातीत तांबं किती आलं असतं ते पाहायचं आणि प्रत्यक्ष तांबं त्याच्या किती पट आहे ते सांगायचं. दहापटीच्या आत असलं तर सहसा संशय घेत नाहीत.

समजा, एका शैवाकात किलोमागे १,६०० मिलीग्रॅम ॲल्युमिनियम आणि १२ मिलीग्रॅम तांबं निघालं. आकडे समजावण्यापुरते माझे आहेत. मातीत ॲल्युमिनियम ८ टक्के धरलं तर शैवाकात माती झाली २ टक्के, म्हणजे किलोत २० ग्रॅम. पुस्तकात पृथ्वीच्या कवचातल्या तांब्याची सरासरी किलोमागे साधारण ५० मिलीग्रॅम धरली, तर वीस ग्रॅम मातीतून आलं १ मिलीग्रॅम. प्रत्यक्षात १२. बारापट! बातमी होण्याजोगं. पण आपली जमीन पुस्तकातली सरासरी जमीन नाही. दख्खनच्या काळ्या कातळात तांबं किलोमागे २०० मिलीग्रॅमच्या आसपास असतं. मग त्याच वीस ग्रॅममधून ४ मिलीग्रॅम आले आणि बारापटीचे झाले तीनपट. त्यातही शैवाकाला स्वतःला थोडं तांबं लागतंच. बातमी गेली.

महाबळेश्वर, पाचगणी, कास इथं तर आणखी एक वळण. वर जांभा आहे. लाखो वर्षांच्या पावसाने कातळातली सिलिका धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे साठलं. म्हणजे ज्या ॲल्युमिनियमच्या भरवशावर हिशेब मांडायचा तेच तिथं जास्त. खाली वाईच्या काळ्या रानात चालणारा आकडा वर घाटमाथ्यावर चालत नाही. इलाज साधा आहे: जिथलं शैवाक, तिथलीच मूठभर मातीही आणा आणि तिच्याशी तुलना करा. तरी हे राहून जातं.

याची उलट बाजू शिशाची. आपल्या कातळात शिसं अगदी कमी. त्यामुळे किलोमागे पाच-सहा मिलीग्रॅम शिसं शैवाकात दिसलं तर ते मातीच्या डोक्यावर ढकलता येत नाही, बाहेरून आलेलं असतं. पेट्रोलमधलं शिसं देशभर बंद झालं २००० साली. पण रस्त्याकडेच्या मातीत ते अजून पडून आहे आणि धुळीबरोबर पुन्हा उडतं. महामार्गाजवळच्या नमुन्यात जस्त टायरच्या झिजेतून येऊ शकतं, तांबं आणि अँटिमनी ब्रेकच्या झिजेतून. खंबाटकीच्या उताराला गाड्या ब्रेक दाबूनच उतरतात, तिथल्या झाडांवर काय साठत असेल याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. तासगावकडे गेलात तर तांब्याचा तिसराच मालक भेटतो. द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. बांधावरच्या झाडाच्या शैवाकात तांबं चढलेलं दिसलं तर त्याला कारखाना शोधत बसू नये, आधी फवारणीची वही मागावी.

राहिला खाण्याचा प्रश्न. "दगडफुलात भरपूर लोह असतं" असे संदेश फिरतात. असेलही, पण ते कुणाचं? किलोमागे हजार मिलीग्रॅम लोह दिसलं तर त्यातलं पुष्कळसं अंगणातल्या धुळीचं असू शकतं आणि माती खाल्ल्याने रक्त वाढत नाही. शिवाय आपण खातो किती? आमच्या चटणीत दगडफूल शंभरात एक भागही नसतं. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर त्यात दगडफूल पन्नास मिलीग्रॅम, आणि त्यातलं लोह ०.०५ मिलीग्रॅम. बाईच्या रोजच्या गरजेसाठी आपल्याकडे २९ मिलीग्रॅम सांगितलं जातं.

हाच हिशेब शिशालाही लावता येतो. वनौषधींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा शिशाला किलोमागे १० मिलीग्रॅम आणि कॅडमियमला ०.३ अशी आहे. आयुर्वेदात शैलेय नावाने हेच दगडफूल औषधात वापरतात, तिथं ही मर्यादा महत्त्वाची, कारण चूर्ण चमच्याने घेतलं जातं. शिशाच्या मर्यादेला टेकलेलं दगडफूल चटणीत पडलं तरी चमच्यामागे शिसं अर्धा मायक्रोग्रॅम होईल. शिसं शरीराला कितीही थोडं असलं तरी उपयोगाचं नाही, तरी रोजच्या ताटात त्याचा याहून मोठा वाटा दुसरीकडून येऊ शकतो. आणि बाजारातलं बरंचसं दगडफूल हिमालयाच्या किंवा दक्षिणेच्या डोंगरांतून येतं. ते मोजून साताऱ्याच्या हवेबद्दल काहीच कळत नाही. कळलं तर गोळा केलेल्या जागेबद्दल, वाळवलेल्या अंगणाबद्दल आणि पोतं ठेवलेल्या गोदामाबद्दल.

एवढं सगळं मी आत्याला सांगितलं नाही. म्हटलं, "चाळणीत घालून आधी झटक. मग गार पाण्यातून एकदा काढ, भिजत ठेवू नकोस. कडक उन्हात वाळव, ओलं राहिलं तर चटणीला बुरशी येईल."

"झटाकलं की मघाच," ती म्हणाली. चाळणीखालच्या वर्तमानपत्रावर करड्या धुळीचा पातळ थर होता. मी फ्रिजवरचं गणपतीचं लोहचुंबक कागदात गुंडाळून त्यावरून फिरवलं. बारीक काळे कण टुणटुण उड्या मारत त्याला चिकटले.

"आता ह्येबी मोजनार व्हय?"

मी पुडी बांधली आणि वर तारीख घातली. खाली लिहिलं: दगडफूल, चाळणीखालची धूळ, न धुतलेली.